हा आवाज या संगणकावर वैध नाही

११ ऑक्टोबर २०२५, शनिवार

समराने आज ही डायरी हातात ठेवली. वर्ष संपत आलंय, म्हणजे निम्म्याहून जास्त पानं कोरी सोडूनच सुरुवात करावी लागणार. तीस वर्षं मराठी शाळेत मुलांच्या वह्या तपासल्या, त्यामुळे हे जरा खटकलंच. पण तिचं म्हणणं रास्त आहे. "अम्मी, दिवसभर तुला ज्याची ज्याची भीती वाटते ते आमाला सांगत बसू नको. यात लिही. माझ्या लग्नापर्यंत तरी." लग्न चौदा डिसेंबरला आहे.

तर आजची भीती. ह्यांच्या लॅपटॉपवर रोज एक पाटी येते. विंडोज दहाची सुरक्षा चौदा तारखेला बंद होणार, अकरावर या. खाली दोन बटणं, एक 'आता' आणि एक 'नंतर आठवण करा'. मी रोज 'नंतर' दाबते आणि दाबताना दोनदा वाचते. कारण त्या लॅपटॉपमध्ये ह्यांचा आवाज आहे.

हे नीट लिहायला हवं. नझीर, माझे यजमान. पनवेलला प्लायवूडचं दुकान होतं, आता दीर बघतात. पण लोक ह्यांना दुकानामुळे ओळखत नाहीत. उरणपासून पनवेलपर्यंत कुठल्याही गावात टेनिस क्रिकेटची टुर्नामेंट असो, माइकवर नझीरभाई. बॉल बॅटला लागायच्या आधी ह्यांचा आवाज चढायचा आणि पोरं उठून उभी राहायची. गेल्या वर्षी घशाचा कॅन्सर निघाला आणि स्वरयंत्रच काढावं लागलं. आता गळ्याला भोक आहे, श्वास तिथून चालतो, वर जाळीचा रुमाल बांधतात. तोंडातून आवाज नाही. ऑपरेशनच्या आधी मात्र पुण्याच्या एका छोट्या कंपनीच्या सॉफ्टवेअरसमोर बसून ह्यांनी ढीगभर वाक्यं वाचली होती. 'आवाजघर' त्याचं नाव. आता हे टाइप करतात आणि लॅपटॉप ह्यांच्याच आवाजात बोलतो. 'जाहिदा' म्हणताना शेवटी जरा ओढतात, तेही तसंच.

कोणी आलं की मी लॅपटॉप उघडून पुढे ठेवते. लोक तोंडावर हात ठेवतात. हे दोन वाक्यं टाइप करतात आणि उठून गॅलरीत जातात. बोलून थकवा येत असेल.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

आज ती तारीख. सकाळपासून वाट पाहिली. काहीच झालं नाही.

१९ ऑक्टोबर, रविवार

झालं.

दुपारी समराबरोबर वाशीला गेले होते, तिचा लग्नाचा शरारा आणायला. परत आले तर हे डायनिंग टेबलाशी बसलेले, लॅपटॉप समोर, आणि त्याचा चेहराच बदललेला. खालच्या पट्टीतली चित्रं डावीकडून उठून मध्ये आलेली, रंग वेगळा. मी विचारलं, "हे काय?" ह्यांनी खांदे उडवले. 'आवाजघर' उघडलं तर एक पांढरी चौकट आली. इंग्रजीतच होती, मी तीनदा वाचली. हा आवाज या संगणकावर वैध नाही.

सकाळी निघायच्या गडबडीत मी ती पाटी बंद केली होती. 'नंतर'च दाबलं होतं असं मला वाटतं. पण छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. चष्मा पर्समध्ये होता.

समरा म्हणाली, "अम्मी, होतं असं. फहादला बोलवू." ह्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. ह्यांना काहीच कसं वाटत नाही? मला वाटतं, माझ्यासाठी दाखवत नाहीत.

२२ ऑक्टोबर, बुधवार

कंपनीचा फोन लागत नाही. दिवाळी आहे, मान्य. पण रेकॉर्ड केलेली बाई सांगते की आमची कंपनी दुसऱ्या कंपनीत सामील झाली आहे, या उत्पादनाची विक्री थांबवली आहे, ईमेल करा. ईमेल केला. दुसरा केला. तिसऱ्यात "कृपया" दोनदा लिहिलं.

ह्यांचे जुने कॉमेंट्रीचे व्हिडिओ आहेत, असं समरा म्हणते. आहेत ना. मीही काल पाहिले. सगळे चौकार आणि षटकार. त्यात माझं नाव कुठेच नाही.

२६ ऑक्टोबर, रविवार

फहाद आला. नणंदेचा मुलगा, ऐरोलीला आयटी कंपनीत आहे. चहा घेऊन लॅपटॉपसमोर बसला आणि डॉक्टरांसारखा गप्प झाला. मला ते गप्प होणं ओळखीचं आहे, म्हणून मीच विचारलं, "सांग रे काय ते."

"मामी, परवाना माणसाला नसतो. मशीनला असतो. आणि मशीन म्हणजे नुसता हा डबा नाय. डबा आणि आतली विंडोज, दोघांची मिळून एक ओळख. विंडोज बदलली की सॉफ्टवेअरला वाटतं, हा कोणीतरी दुसराच."

"पण माणूस तोच आहे ना?"

"माणसाला कोण विचारतंय."

मग म्हणाला, टेन्शन नको, दहा दिवसांत मागे जायची सोय असते. कुठेतरी शिरला, बाहेर आला, पुन्हा शिरला. "जुन्या विंडोजच्या फाइल्स उडवल्यात. जागा मोकळी केली काय कोणी?" कोण करणार? मीच केली असेन. पाट्या येत होत्या, मी 'ठीक आहे, ठीक आहे' करत सुटले होते. हे सोफ्यावर बसून पेपर वाचत होते. त्यांना राग आला असणार, म्हणूनच पेपरातून वर पाहिलं नाही.

फहादने आता एक मार्ग काढलाय. एकाच लॅपटॉपमध्ये दोन विंडोज टाकायच्या, अकरा पण राहील आणि बाजूला दहा पण. चालू केला की तो विचारेल, कुठे जायचं. आवाज म्हणे त्या बाजूच्या दहामध्ये तरी तग धरेल. आवाजाची फाइल जागेवरच आहे, तो म्हणाला. नुसतं कुलूप लागलंय.

२ नोव्हेंबर, रविवार

फहादने दोन विंडोज केल्या. जुनी उघडली आणि कोपऱ्यात पुसट अक्षरं आली: विंडोज सक्रिय करा. म्हणजे काय, तर हिचा परवाना अकरा नंबरकडे गेला. एक परवाना दोन्हीकडे चालत नाही. या जुन्या विंडोजला स्वतःचा वेगळा लागेल. फहाद म्हणाला, "अक्षरं दिसतात दिसू देत, कोण बघतंय?" मी म्हटलं, मी बघतेय ना. रीतसर दुसरा परवाना घ्यायला लावला. अक्षरं गेली.

आवाज तरीही उघडला नाही. जुनी विंडोज असली तरी ती नवीन बसवलेली, म्हणजे ओळख तिसरीच.

मग फहाद हळूच म्हणाला की दिघ्याला त्याचा एक मित्र आहे, तो कुलूप फोडून देतो. पोलिसांची भीती एक. दुसरी त्याहून मोठी. पेपरात येतं ना, आवाज चोरून नातेवाइकांना फोन करतात, मी अडचणीत आहे म्हणून. उद्या ह्यांचा आवाज कोणाच्या तरी हातात जायचा आणि रात्रीअपरात्री माझ्या बहिणीला म्हसळ्यात फोन जायचा. फोडाफोडी नको म्हणून सांगितलं. फहाद जरा रागावूनच गेला.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

लॅपटॉपचं राहू दे. आज वेगळंच लिहायचंय.

सकाळी हे बाथरूममध्ये होते. आतून आवाज आला. आधी ढेकर अडकल्यासारखा, मग काहीतरी गिळल्यासारखा, मग पुन्हा तोच. घुसमटल्यासारखा. मी दार वाजवलं. लगेच शांत. नळ सोडला. बाहेर आले तेव्हा डोळे लाल, रुमाल घामाने ओला. मी खुणेने विचारलं. अंगठा वर केला, सगळं ठीक.

ऑपरेशनच्या आधी महिनाभर असंच अन्न अडकायचं. तेव्हाही अंगठा वरच असायचा.

१० नोव्हेंबर, सोमवार

पुन्हा. आज गॅलरीत, दार ओढून घेऊन. मी स्वयंपाकघरात उभी राहून ऐकलं. समराला सांगितलं नाही. लग्नाला महिना राहिलाय.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

आज हे परळला हॉस्पिटलात गेले. गुरुवारी चेकअप असतो म्हणे. कधीपासून? दर गुरुवारी हे दुकानावर जातात असंच मी धरून चालले होते. मी पर्स उचलली तर हाताने थांबवलं, मोबाईलवर लिहून दाखवलं, "नामा गाडी घेऊन येतोय, तू घरचं बघ." नामा म्हणजे गव्हाणचा. पूर्वी त्याची शेती होती, आता चार बिल्डिंगा आहेत, आणि टुर्नामेंट भरवायचा किडा तेवढा तसाच. ह्यांचा जिगरी दोस्त.

संध्याकाळी सोडायला आला तेव्हा मी त्याला लिफ्टपाशी गाठलं. "नामाभाऊ, खरं सांगा, डॉक्टर काय म्हणाले?"

तो लिफ्टच्या बटणाकडे बघत म्हणाला, "काय नाय वैनी. नजीरभाय एकदम बरा हाय. टेन्शन नको घेव."

"मग दर गुरुवारी कशाला?"

"ते... हवापानी."

नामाला खोटं बोलता येत नाही. कान लाल होतात. आणि त्याच्या गाडीत मागच्या सीटवर गोटी सोड्याच्या रिकाम्या बाटल्या होत्या, पिशवीभर. ह्यांना सोडा कधीच आवडला नाही. आता अन्न उतरत नाही म्हणून सोडा पितात, हे समजायला डॉक्टर व्हायला नको. आजार परत आलाय. लग्न होईपर्यंत मला सांगायचं नाही, असं ह्यांचं ठरलंय.

मीही ठरवलं. मला कळलंय हे ह्यांना कळू द्यायचं नाही. आणि लग्नात ह्यांचा आवाज काहीही करून ऐकवायचा. पुढचं कोणी पाहिलंय.

१६ नोव्हेंबर, रविवार

काझीसाहेब निकाहचं बोलायला आले. आपण कोकणी लोक शाफई पंथाचे, आपल्यात बापाशिवाय निकाह नाही. बापाने स्वतः जावयाला सांगायचं की मी माझी मुलगी तुझ्या निकाहात दिली. मी म्हटलं, ह्यांचा आवाज लॅपटॉपवर आहे, तोवर दुरुस्त होईल, तो चालेल का?

काझीसाहेबांनी चहाचा कप खाली ठेवला. म्हणाले, "बोलता येत नसेल त्याचा इशारा चालतो. किंवा इशाऱ्यानं मला वकील करा, तुमच्या वतीनं मी बोलतो. त्यात काही कमी नाही. मशीनचं मात्र मी सांगू शकत नाही."

"पण आवाज ह्यांचाच आहे."

"आवाज त्यांचा, बहेन. बोलतंय कोण?"

हे हसले. मला हसू आलं नाही. काझीसाहेब गेल्यावर समरा म्हणाली, "अम्मी, अब्बा नुसते समोर बसले तरी बस्स आहे मला." तिला काय माहीत, तेही किती दिवस आहे.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

कंपनीतून फोन आला. केतन नावाचा तरुण मुलगा आहे, बोलायला गोड. त्याने सगळं ऐकून घेतलं. म्हणाला, परवाना एकदा दुसऱ्या संगणकावर नेता येतो. खरं तर जुन्या विंडोजवरून आधी काढून घेऊन मग अपग्रेड करायचं असतं, पण आता झालं ते झालं. सवलत देऊ. मात्र त्यांचा सर्व्हर एकतीस डिसेंबरला कायमचा बंद होणार. त्यानंतर कोणालाच आवाज उघडून मिळणार नाही.

मी म्हटलं, बेटा, आत्ता कर.

"एकच नियम आहे मॅडम. आवाज चोरीला जाऊ नये म्हणून. ज्याचा आवाज आहे त्याने स्वतः व्हिडिओ कॉलवर, स्वतःच्या आवाजात संमती द्यायची."

दोन-तीन सेकंदांनी त्याच्याच लक्षात आलं. "सॉरी मॅडम. नियम बनवताना कोणाच्या डोक्यात आलं नसेल." मग साहेबांना विचारून सांगतो म्हणाला. ज्यांना आवाज नाही त्यांच्यासाठी सॉफ्टवेअर, आणि उघडायला आवाज पाहिजे. मी शाळेत असा नियम केला असता तर मुख्याध्यापकांनी माझीच परीक्षा घेतली असती.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

साहेबांनी परवानगी दिली. बोलायची गरज नाही, कॅमेऱ्यासमोर मान हलवली तरी पुरे. आज अकरा वाजता कॉल झाला. मी ह्यांना इस्त्रीचा शर्ट घालायला लावला.

केतनने विचारलं, "नझीर सर, तुमचा आवाज या संगणकावर पुन्हा सुरू करावा, अशी तुमची इच्छा आहे का?"

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग कॅमेऱ्याकडे. आणि मान आडवी हलवली. नाही.

केतनला वाटलं ऐकू आलं नाही. पुन्हा विचारलं. पुन्हा नाही. मला हात जोडल्यासारखं केलं आणि उठून आत गेले. केतन म्हणाला, मॅडम, त्यांनी नाही म्हटल्यावर मी काही करू शकत नाही.

मी मागोमाग गेले नाही. भीती वाटली. माणूस आवाज परत नको म्हणतो ते कधी? जेव्हा त्याला ठाऊक असतं की फार दिवस लागणार नाही.

६ डिसेंबर, शनिवार

घरात पाहुणे आहेत. बहीण म्हसळ्याहून आली, तांदळाची पिठी आणि सुकी मासळी घेऊन. सगळे हसतात, मीही हसते. बाथरूममधला आवाज रोज आहे. बहिणीने विचारलं, "काय गो, दुल्हेभायला खोकला हाय का?" मी हो म्हटलं.

नमाजनंतर एकच मागते. चौदा तारीख जाऊ दे.

१५ डिसेंबर, सोमवार

काल निकाह झाला. आज लिहिते, काल लिहिणं शक्यच नव्हतं.

हॉल आमच्या उलव्यातलाच. बायका वरच्या मजल्यावर, पुरुष खाली, आणि खालचं ऐकू यावं म्हणून वर स्पीकर. मी समराजवळ बसले होते. काझीसाहेबांनी खुतबा, म्हणजे निकाहचं प्रवचन, वाचलं. मग ते म्हणाले, "नझीरभाई, आपण इशाऱ्यानं मला वकील करता?" मी स्पीकरकडे कान लावून बसले होते. इशारा ऐकू येणार नव्हता, तरी.

आणि स्पीकरमधून तोच आवाज आला. बाथरूममधला. गिळल्याचा, मग अडकल्याचा, सगळ्या हॉलभर मोठा झालेला. मी उठलेच. ह्यांचा जीव चाललाय, भर मांडवात, माइकसमोर, एवढंच डोक्यात आलं. पायातली चप्पल कुठे गेली कळलं नाही, जिन्यावर पोचले. मागून समरा ओरडली, "अम्मी थांब. ऐक."

पुन्हा गिळल्याचा आवाज. मग, जाडाभरडा, खोल, विहिरीत काहीतरी पडावं तसा: "मी." पुन्हा श्वास गिळला. "नझीर." मग थांबून थांबून, एकेक शब्द ओढून काढत, "माझी मुलगी. समरा. तुझ्या. निकाहात. दिली."

मी जिन्यातच खाली बसले. कोणाचं तरी लहान पोर हसलं, त्याला कोणीतरी गप्प केलं. मग जावयाचा आवाज आला, कबूल केलं. खाली नामा मोठ्याने रडत होता, तो आवाज माइकमध्येही आला.

आजार परत आलेला नाही. दर गुरुवारी परळला वर्ग असतो. स्वरयंत्र गेलेल्यांना अन्ननळीत हवा घेऊन, ती ढेकरेसारखी सोडून बोलायला शिकवतात. सुरुवातीला सोडा प्यायचा म्हणजे हवा वर येते. तीन महिने चाललं होतं. नामाला माहीत होतं, समराला शेवटच्या आठवड्यात कळलं. मला सांगायचं नाही, असं ह्यांचं म्हणणं. जमलं नाही तर जाहिदा पुन्हा एकदा घाबरेल.

पुन्हा एकदा म्हणे. मी महिनाभर ह्यांना मनात पुरून बसले होते.

१८ डिसेंबर, गुरुवार

पाहुणे गेले. समराही गेली, कोपरखैरण्याला सासरी. घर एकदम मोठं झालं.

दुपारी मी म्हटलं, एवढं लपवलंत, पण लॅपटॉप माझ्या हातून बिघडला म्हणून मी झुरत होते ते तरी दिसत होतं ना? हे टेबलावर बोट फिरवत राहिले. मग म्हणाले, "मीच." हवा गिळली. "दाबलं."

जुन्या फाइल्सही ह्यांनीच उडवल्या. पेपरातून वर का पाहिलं नाही ते आज कळलं.

मला इतका राग आला की मी भांडी घासायला गेले. परत आले तर मोबाईलवर लिहून ठेवलं होतं, कारण एवढं बोलायला त्यांना अजून संध्याकाळ लागली असती. वर्गातले सर म्हणाले होते, हातात मशीन असेपर्यंत जीभ आळशी राहते. आणि खाली लिहिलं होतं, "तू कोणी आलं की लॅपटॉपला बोलायला लावायचीस. तो छान बोलतो. तो आजारी पडलेला नाही. मी त्याच्या शेजारी बसून टायपिंग करतो."

मी चहा केला.

२६ डिसेंबर, शुक्रवार

कालपासून आमच्या इथला नवा विमानतळ सुरू झाला. आमच्या गॅलरीतून विमानं दिसतात. हे खुर्ची टाकून बसतात.

हे इथेच लिहू शकते, म्हणून लिहिते. मला ह्यांच्या त्या नव्या आवाजाची भीती वाटते. सगळे म्हणतात, जाहिदा, किती नशीबवान आहेस. आहेच. पण मागून अचानक तो आवाज माझं नाव घेतो तेव्हा अजून दचकते. घरात कोणी परका शिरलाय असं वाटतं. काल हातातली बशी पडली. हे काही बोलले नाहीत, तुकडे उचलले. नंतर दिवसभर मला हाक मारायची झाली तर टाळी वाजवली.

टाळी ऐकून मला जास्त वाईट वाटलं. पण मी म्हटलं नाही, की बोला. मी लबाड आहे.

आणि मला तो जुना आवाज हवा आहे. मी काही मागत नाही, फक्त हवा आहे. पाच दिवसांनी तोही जाईल, कायमचा.

३१ डिसेंबर, बुधवार

सकाळी ह्यांनी स्वतःच इस्त्रीचा शर्ट घातला. लॅपटॉप उघडला, चालू होताना त्याने विचारलं कुठे जायचं, ह्यांनी जुनी विंडोज निवडली. मग माझ्याच मोबाईलवरून केतनला व्हिडिओ कॉल लावला. मी पोळ्या टाकून आले, पिठाच्या हातांनी.

"नझीर सर? आज शेवटचा दिवस आहे, सांगायलाच मी—"

"मी. नझीर." हवा गिळली. "सुरू. करा."

केतन खुर्चीत पुढे सरकला. मग जरा सावरून म्हणाला, "सर, तुम्ही बोलताय." मग त्याच्या नोकरीचं बोलला. आज गर्दी आहे, साहेबांनी सगळं आपोआप तपासणाऱ्या यंत्रणेवर टाकलंय, तुम्ही बोललात म्हणजे ती आवाज जुळवून बघणार. दोन मिनिटं थांबा. आम्ही थांबलो. गॅसवर तवा तापत होता.

मी ह्यांना हळूच विचारलं, "तुम्हाला नको होता ना?"

"मला. नको." श्वास. "तुला."

तेवढ्यात केतन परत आला. "मॅडम, यंत्रणा नाही म्हणतेय. नोंदवलेला आवाज आणि हा आवाज एक नाही, असं दाखवतंय. एकच उपाय आहे, घरच्या माणसाने खात्री द्यायची. कॉल रेकॉर्ड होतोय, मी विचारतो तसं उत्तर द्या." मग कागदावरचं वाचावं तसं त्याने विचारलं, "आत्ता जो आवाज आम्ही ऐकला, तो नझीर यांचाच आवाज आहे, असं तुम्ही सांगता का?"

हे माझ्याकडे बघत नव्हते. टेबलाकडे बघत होते, गळ्यावरच्या रुमालाला हात लावून. माझं उत्तर काय येईल ह्याची ह्यांना भीती वाटत होती. इतक्या महिन्यांत ह्यांना घाबरलेलं मी पहिल्यांदा पाहिलं, आणि ते माझ्यामुळे.

मी म्हटलं, "हो. हा ह्यांचाच आवाज आहे."

केतन म्हणाला, जरा मोठ्याने, मॅडम. मी मोठ्याने सांगितलं.